मसुद्यात आधी कर्ता शोधा

मी कायद्यांचं भाषांतर करते. २२ वर्षं झाली. त्याआधी शाळेत मराठी शिकवायचे, आणि तिथली एक सवय काही सुटली नाही: वाक्य समोर आलं की पेन्सिल आपोआप कर्ता शोधायला लागते. या सवयीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मुलांना सोशल मीडियाच्या अपायांपासून वाचवण्यासाठी म्हणून निघणारे मसुदे वाचताना. ओळखीतलं कुणी ना कुणी असा मसुदा मोबाइलवर पाठवतं आणि विचारतं, "ताई, हरकती-सूचना मागवल्यात. थोडेच दिवस उरलेत. काय लिहू?" त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. कायद्याची पदवी लागत नाही. दोन रंगांच्या पेन्सिली लागतात आणि मसुद्याची कागदावर काढलेली प्रत. स्क्रीनवर वाचू नका. स्क्रीनवर माणूस प्रस्तावना वाचून भारावतो आणि तिथेच थांबतो.

खरं तर प्रस्तावना सोडूनच द्या. तिथे सगळेच मुलांच्या बाजूचे असतात. सरळ व्याख्यांवर जा, मग शास्तीच्या, म्हणजे दंडाच्या, कलमांवर, मग "परंतु" या शब्दाने सुरू होणाऱ्या परंतुकांवर. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं असेल तर ते परंतुकात घेतात. उरलेलं सगळं नंतर.

आता लाल पेन्सिल. प्रत्येक कलमातलं क्रियापद गाठा आणि त्याला विचारा: हे करणार कोण? शाळेतले तीन प्रयोग आठवत असतील. "कंपनी मुलांची खाती खाजगी ठेवील" हा कर्तरी. जबाबदार कोण ते दिसतं. उद्या कुणाला जाब विचारायचा तेही दिसतं. "मुलांची खाती खाजगी ठेवली जातील" हा कर्मणी. खाती दिसतात, ठेवणारा पडद्याआड. "मुलांनी सावध राहावे" हा भावे. इथे कर्ता आहे, पण भलताच. सरकारी मराठीचं लाडकं "करण्यात येईल" तर सगळ्यांचा बाप. "योग्य ती उपाययोजना करण्यात येईल" हे वाक्य मी स्वतः शेकड्यांनी लिहिलं आहे, त्यामुळे त्याची लबाडी मला चांगली ठाऊक आहे. एकदा मूळ मजकुरात असलेला कर्ता भाषांतरात मीच गिळला होता. तपासणाऱ्या साहेबांनी समासात एकच शब्द लिहून कागद परत पाठवला: "कोण?" तो कागद अजून माझ्याकडे आहे.

सगळ्यात फसवं वाक्य असं असतं: "मुलांसाठी सुरक्षित ऑनलाइन वातावरण निर्माण व्हावे." व्याकरणाने इथे कर्ता वातावरण. वातावरणाला दंड करता येत नाही.

पाठकोऱ्या बाजूला तीन रकाने काढा: कंपनी, पालक, मूल. सापडलेलं प्रत्येक काम ज्याच्या गळ्यात घातलंय त्याच्या रकान्यात लिहा. पालकांचा रकाना सगळ्यात लांब निघाला, तर मसुदा कंपन्यांच्या नियमनाचा नाहीच, घरांच्या नियमनाचा आहे. या कसोटीवर ऑस्ट्रेलियाचा कायदा चोख उतरतो. १६ वर्षांखालच्या मुलांना ठरावीक सोशल मीडियावर खातं ठेवता येणार नाही, असा तो कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. वयाच्या बंदीबद्दल माझ्या शंका आहेत, त्या पुढे सांगते. पण कर्त्याबद्दल तिथे शंका नाही. वाजवी उपाय करायचे कंपनीने, न केल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड कंपनीला. मुलाला किंवा आईवडिलांना शिक्षा नाही.

"पालकांची संमती" हे शब्द दिसले की मात्र पेन्सिल थांबवा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात कलम ९ आहे. त्याचा पहिला भाग म्हणतो, १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या. दुसरा भाग म्हणतो, मुलांचा माग काढू नका, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवू नका, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नका. माझ्या मते दुसऱ्या भागाचं मोल पहिल्याच्या दसपट. संमती कोण देतं? दिवसभर राबून आलेली आई, एका बोटाने, न वाचता. ती दिली की ओझं तिच्या डोक्यावर. मनाई मात्र कंपनीनेच पाळायची असते, आईला झोप लागली असली तरी.

क्रियापदांच्या शेपटाकडेही बघा. "करील" म्हणजे करावंच लागेल. "करू शकेल" म्हणजे मर्जी. "करण्याचा प्रयत्न करील" म्हणजे करणार नाही. "विहित करण्यात येईल त्याप्रमाणे" असं दिसलं, तर खरा माल या मसुद्यात नाही, मागाहून येणाऱ्या नियमांत आहे; समासात लिहा, "केव्हापर्यंत?" "वाजवी" या शब्दाला मात्र उगाच घाबरू नका. तंत्रज्ञान बदलतं, कायद्यात सगळं कोरून ठेवता येत नाही. फक्त वाजवी म्हणजे काय ते ठरवणार कोण, एवढं बघा. नियामक ठरवणार असेल तर ठीक. कंपनी स्वतःच ठरवणार असेल तर तो शब्द खोडा.

व्याख्यांत दोन गोष्टी तपासायच्या. "मूल" म्हणजे किती वर्षांचं, आणि ते मूल आहे हे कंपनीला कळलं असं केव्हा मानायचं. दुसरी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि गळती तिथेच असते. अमेरिकेचा १९९८ चा कायदा १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला मनाई करतो. पण जी साइट खास मुलांसाठी नाही, तिला तो लागू व्हायचा तर समोर मूल आहे याचं "प्रत्यक्ष ज्ञान" कंपनीला असावं लागतं. मग काय, जन्मवर्ष विचारायचं, पोराने खोटं सांगायचं, कंपनीने विश्वास ठेवायचा. जगभरच्या मुलांनी आयुष्यातली पहिली लेखी थाप बहुधा याच चौकटीत मारली असेल. २०१९ मध्ये यूट्यूब आणि तिची मालक गूगल यांनी अशाच प्रकरणात १७ कोटी डॉलर भरले. एकीकडे आम्ही सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी आहोत असं म्हणायचं आणि दुसरीकडे खेळण्यांच्या कंपन्यांना आपण मुलांत किती लोकप्रिय आहोत ते सांगायचं, असा अमेरिकी व्यापार आयोगाचा आरोप होता. म्हणून मसुद्यात "माहीत असेल तेव्हा" असं दिसलं, तर त्यापुढे "किंवा माहीत असायला हवे होते तेव्हा" एवढं जोडायला सांगा. सहा शब्दांत सगळं फिरतं.

आता निळी पेन्सिल घ्या. इथे घाई करू नका. प्रत्येक कलम दोहोंपैकी कशाबद्दल आहे ते ठरवा: मजकुराबद्दल, की मजकूर हातात आणून देणाऱ्या यंत्राबद्दल.

लंडनमधली मॉली रसेल नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली. १४ वर्षांची होती. तिच्या मृत्यूची चौकशी सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाली. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, आवडल्याची खूण केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. चौकशी अधिकाऱ्याने नोंदवलेली एक बाब मी प्रत्येकाला दाखवते: त्यातल्या काही गोष्टी तिने मागितल्याच नव्हत्या, अल्गोरिदमने निवडून तिच्यापुढे ठेवल्या होत्या. "अपायकारक पोस्ट काढून टाका" एवढंच सांगणारा कायदा इथे उपयोगाचा नाही. त्यातली एकेक पोस्ट कदाचित कुठलाच नियम मोडत नसेल. हातावर हात ठेवून बसलेल्या मुलीला एकापाठोपाठ एक तेच पुढे ठेवत राहणारं यंत्र मात्र तसंच चालू राहतं.

यंत्राला हात घातला की काय होतं, याचंही उदाहरण ब्रिटनमधलंच. तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने मुलांसाठी १५ मानकांची संहिता केली, कंपन्यांना तयारीला वर्ष दिलं आणि ते वर्ष सप्टेंबर २०२१ मध्ये संपलं. त्याच सुमारास यूट्यूबने १८ वर्षांखालच्यांसाठी व्हिडिओ आपोआप सुरू होणं मुळातच बंद ठेवलं. इन्स्टाग्रामने १६ वर्षांखालच्यांची नवी खाती उघडतानाच खाजगी केली. टिकटॉकने १३ ते १५ वर्षांच्या मुलांना रात्री ९ नंतर आणि १६-१७ च्या मुलांना १० नंतर नोटिफिकेशन पाठवायचे नाहीत असं जाहीर केलं. कंपन्या म्हणतील, आम्हाला आपसूक सुचलं. सुचलं असेल; मुदतीच्या तोंडावर माणसाला बरंच सुचतं.

तेव्हा प्रत्येक कलमाला माझा ठरलेला प्रश्न विचारा: हे लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या फोनमधलं कोणतं बटण बदललेलं असेल? उत्तर देता आलं नाही, तर ते कलम नव्हे, प्रवचन. उत्तर देता यावं अशा गोष्टी मागा. खातं पहिल्यापासून खाजगी असावं. अनोळखी मोठ्या माणसाला मुलाला संदेश पाठवता येऊ नये आणि "यांना ओळखता का" म्हणून मुलाचं खातं त्याच्यापुढे येऊ नये. ठिकाण दिसू नये. पान कुठेतरी संपावं. आणि नवी सोय बाजारात आणण्याआधी तिच्यापासून मुलांना काय धोका आहे हे कंपनीने लिहून द्यावं. हे शेवटचं कागदी वाटतं, पण तसं नाही. व्हिडिओ बघण्याबद्दल गुण देणारी टिकटॉक लाइटची योजना २०२४ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये सुरू झाली, तेव्हा युरोपीय आयोगाने नेमकं हेच विचारलं: धोक्याचं मूल्यमापन आधी केलंत का? त्या ऑगस्टपर्यंत कंपनीने ती योजना युरोपीय संघातून कायमची मागे घेण्याचं बंधनकारक आश्वासन दिलं होतं.

वयाच्या पडताळणीवर लोक सगळ्यात जास्त भांडतात, आणि मीही एका बाजूला पूर्ण झुकलेली नाही. वय कळायचे मार्ग मोजके. विचारायचं, तर खोटं सांगतात. ओळखपत्र मागायचं, तर ते कुठेतरी साठतं. चेहऱ्यावरून किंवा वापराच्या सवयींवरून अंदाज करायचा, तर नेमक्या सीमेवरच्या वयात चूक होते, म्हणजे जिथे अचूकता हवी तिथेच. साठलेलं गळतं, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं: डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचं काम बघणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत, असं डिस्कॉर्डने सांगितलं. वयाबद्दलच्या तक्रारींसाठी लोकांनी ते दिले होते. दुसरीकडे, २५ जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्ये अश्लील साइटना खरीखुरी वयतपासणी सक्तीची झाली आणि व्हीपीएन, म्हणजे आपण कुठल्या देशात आहोत ते लपवणारी ॲप, डाउनलोड करणाऱ्यांची रीघ लागली. म्हणून तपासणी करूच नये का? तसं मी म्हणणार नाही. कुंपण ओलांडणारे असतात म्हणून कुंपण घालायचं नाही, असं कुणी ठरवत नाही. पण धोका जेवढा, तपासणी तेवढीच, हे मसुद्यात लिहिलेलं हवं. सोबत चार अटी: ओळखपत्र हाच एकमेव मार्ग नसावा, वय ठरलं की माहिती नष्ट करावी, ती दुसऱ्या कामाला वापरू नये, आणि चुकीचं वय ठरवलं गेलेल्याला दाद मागता यावी. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात ओळखपत्राला पर्याय देणं आणि माहिती नष्ट करणं या दोन्ही अटी आहेत, तिथून शब्द उचला.

सरसकट बंदीबद्दलची माझी शंका वेगळी आहे. खातं नसलं तरी बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ बघता येतात. मग मूल तिथे असतंच, फक्त मूल म्हणून दिसत नाही, आणि मुलांसाठीच्या सगळ्या आडकाठ्या खात्याबरोबर गेलेल्या असतात. शिवाय १६ व्या वाढदिवसाला तेच यंत्र तसंच दारात उभं. बंदी हवीच असेल तर ती यंत्रात बदल करण्याच्या जोडीला मागा, त्याऐवजी नको.

तक्रारीचं कलम मी घरच्या अनुभवानंतर नीट वाचायला शिकले. माझ्या भाचीची मुलगी १४ वर्षांची आहे. तिचा फोटो लावून कुणीतरी खोटं खातं काढलं आणि वर्गातल्या सगळ्यांना घाणेरडे टोमणे पाठवले. तिने रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी तक्रार केली. ११ वाजून ४४ मिनिटांनी उत्तर आलं, "आमच्या नियमांचे उल्लंघन झालेले नाही." टोमणे मराठीत होते. चार मिनिटांत ते कुणी वाचले असतील यावर माझा विश्वास नाही. ते समजण्याइतकी मराठी त्या यंत्राला येत असेल यावर तर नाहीच. फेरतक्रारीचं बटण शोधायला आम्हा दोघींना अर्धा तास लागला, आणि त्यात मी चष्मा शोधण्याचा वेळ धरलेला नाही. खातं गेलं नऊ दिवसांनी, तेही वर्गातल्या तीसेक मुलांनी तक्रारी केल्यावर.

म्हणून आता मी त्या कलमात घड्याळ शोधते. "तत्परतेने" हे घड्याळ नव्हे. अमेरिकेत मे २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात, संमतीशिवाय टाकलेली खाजगी छायाचित्रं, एआयने बनवलेली खोटीसुद्धा, तक्रार आल्यापासून ४८ तासांत काढायची असं म्हटलं आहे. असा आकडा हवा. त्याबरोबर निर्णयाचं लेखी कारण हवं, मागितल्यास माणसाने केलेली फेरतपासणी हवी, ज्या भाषेतला मजकूर ती भाषा येणाऱ्या माणसाने केलेली. आणि कंपनीच्या बाहेर दाद मागायची जागा. उलट बाजूचाही विचार करा: घड्याळ फार घट्ट केलं की कंपन्या जपून जपून निरुपद्रवी गोष्टीही उडवतात. म्हणून ज्याचं काढलं त्यालाही दाद मागता यावी.

शास्तीचं कलम दोन मिनिटांत वाचून होतं. ठरावीक रक्कम असेल तर मोठ्या कंपनीला तो खर्चाचा एक आकडा. उलाढालीची टक्केवारी असेल तर संचालक मंडळ जागं होतं. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात जागतिक वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत, ब्रिटनच्या २०२३ च्या कायद्यात १० टक्के किंवा १ कोटी ८० लाख पौंड यांतलं जे जास्त ते. नियामकाला कंपनीकडून माहिती मागवायचा अधिकार आहे का आणि स्वतंत्र अभ्यासकांना विदा (डेटा) मिळणार का, एवढं बघून पुढे चला.

फेरआढाव्याची तारीख मात्र मागाच. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. मुलांनी मोठ्यांचे ओळख क्रमांक वापरले, आणि खेळ हळूहळू मोबाइलवर गेला, ज्याला तो नियम लागूच नव्हता. कायदा रद्द व्हायला २०२२ उजाडलं.

आता सूचना लिहायची. भाषण नको, संताप नको, "आजची पिढी" तर अजिबात नको. एका पानावर एकच सूचना, चार भागांत: कलम क्रमांक, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. नमुना म्हणून मी रचलेलं एक देते.

कलम ७(२). सध्याचा मजकूर: "अल्पवयीन वापरकर्त्यांना अनोळखी व्यक्तींकडून संपर्क होणार नाही याची काळजी घेण्यात यावी." सुचवलेला मजकूर: "अल्पवयीन वापरकर्त्याने स्वीकारलेली नाही अशी कोणतीही व्यक्ती त्यास संदेश पाठवू शकणार नाही, अशी रचना मंच पुरवणारी कंपनी खाते सुरू होतानाच करील." कारण: सध्याच्या मजकुरात काळजी कोणी घ्यायची हे स्पष्ट नाही.

कारण एवढंच पुरे. अनुभव जोडायचा असेल तर तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहा. मुलाचं नाव, शाळा, खात्याचं नाव झाकून टाका. आलेल्या सूचना पुढे जाहीर होऊ शकतात, हे लक्षात असू द्या. कुणीतरी फिरवलेला तयार मजकूर जसाच्या तसा पाठवू नका. शंभर सारखे ईमेल एका गठ्ठ्यात जातात आणि एक म्हणून मोजले जातात. सूचना आवडलेल्या कलमावरही लिहा. चांगलं कलम कंपन्यांच्या वकिलांच्या सूचनांमुळे पातळ होत असतं, तेव्हा "हे असंच ठेवा" म्हणणारा एखादा कागद फायलीत असावा लागतो.

आणि पाठवण्याआधी मसुदा एखाद्या मुलाला वाचायला द्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगाबद्दल केलेल्या भाष्यात मुलांना विचारा असं सांगितलं आहे, पण मी त्यासाठी दिला नव्हता. मला बटणांची नावं कळत नव्हती म्हणून दिला. भाचीच्या मुलीने पंधरा मिनिटांत वाचला आणि म्हणाली, "मावशीआजी, यात न विचारता ग्रुपमध्ये घालण्याबद्दल काहीच नाही. मेसेज बंद केला तरी ग्रुपमधून सगळं येतं." मी तो मसुदा चार वेळा वाचला होता. तिची सूचना वेगळ्या पानावर, तिच्याच शब्दांत पाठवली. मी फक्त "घातले जाऊ नये" खोडून "कंपनी घालू देणार नाही" केलं.

पोच क्रमांक जपून ठेवा. अंतिम मजकूर निघाला की जुना आणि नवा शेजारी ठेवून तुमचं कलम शोधा, आणि लाल पेन्सिलीला पुन्हा टोक करून घ्या.